जागच्या जागी शंभर मीटर

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत रविवारी संध्याकाळी चार-पाच मराठी घरं जमतात. चहा कपात पडायच्या आधीच सुरू होतं, "हं साळवे, या आठवड्यात शाळेत काय झालं?" माझे गुडघे कसे आहेत, माझा नवरा कसा आहे, याचं कुणाला काही पडलेलं नाही!

बाकीच्यांच्या ऑफिसात म्हणे वर्षाकाठी एखादा किस्सा घडतो आणि तो पुढे रिटायरमेंटपर्यंत पुरवून पुरवून सांगतात. आमच्याकडे बुधवारपर्यंतच डबा फुल्ल. कारण सोपं आहे. गुडगावची इंटरनॅशनल शाळा, जगभरातून आलेली मुलं, न्यूझीलंडचे प्रिन्सिपल, गढवालचे पीटीचे सर आणि हिंदी शिकवायला जालन्याची मी! दर शुक्रवारी पालकांना जाणारं 'कम्युनिटी न्यूज' नावाचं पानही मीच लिहिते. तिथे छापता येत नाही ते इथे सांगते.

* * *

इंटरव्ह्यूला आमच्या प्रिन्सिपलनी, ग्रॅहम सरांनी, मला एकच प्रश्न विचारला होता. "तुमची हिंदी अस्सल आहे ना?"

मी हिंदीत एम.ए. छाती पुढे काढून म्हटलं, "बिल्कुल!"

आता डिग्री हिंदीची असली तरी जीभ जालन्याची, त्याला मी काय करू? आणि परदेशी मुलांना काय कळणार? मॅम बोलते ती हिंदी! सहा महिन्यांत कोरियाचा मिन्हो बसच्या ड्रायव्हरला सांगायला लागला, "भैया, घाई मत करो, मैं बूट घालता हूँ." हॉलंडची साना कॅन्टीनमध्ये ताट पुढे करून म्हणायची, "दीदी, थोडासा वाढो ना!" मैदानावर गोल हुकला की सात-आठ देशांची पोरं एका सुरात ओरडायची, "अरेरेरे, गेला!"

मला वाटलं, खपून जाईल. पण मग पालकसभेत मल्होत्रा मॅडम आल्या. दिल्लीच्याच. मुलगा माझ्याच वर्गात.

"मॅम, परसों नानी सीरियल देखते-देखते रो रही थीं. मेरा बेटा उनसे बोला, 'नानी, तू उगीच कशाला रडती है?' ये कौनसी हिंदी है?"

शेजारी ग्रॅहम सर बसले होते. त्यांना मी इंग्रजीत कसाबसा अर्थ सांगितला. ते खुर्चीत ताठ झाले आणि अभिमानाने मल्होत्रा मॅडमना म्हणाले, "ही अस्सल हिंदी आहे. आम्ही इंटरव्ह्यूतच खात्री करून घेतली होती!"

* * *

नोव्हेंबरात दिल्लीची हवा कशी होते ते तुम्हाला माहीतच आहे. एका वर्षी नेमकी स्पोर्ट्स डेच्या सकाळी इतकी खराब झाली की मुलांना मैदानावर सोडायला बंदी. पालक रजा टाकून आलेले, मेडलं तयार, सरबत तयार. आमचे पीटीचे रावत सर म्हणाले, "नो टेन्शन. हॉल में करा देंगे."

"शंभर मीटरची रेस हॉलमध्ये कशी मावेल?"

"जगह पे दौड़ेंगे, मॅडम!"

आणि खरंच! हॉलमध्ये ओळीने योगा मॅट टाकल्या. प्रत्येक पोराच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. ज्याची ठरलेली पावलं आधी पूर्ण, तो पहिला. शिट्टी वाजली आणि तिसरीची मुलं जागच्या जागी जीव तोडून धावायला लागली. पालकांनी छप्पर डोक्यावर घेतलं. "कम ऑन! भाग! भाग!" एक वडील तर मुलाला चिअर करत शेजारून धावायला लागले ते थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेले. बाप पोचला, पोरगा तिथेच!

रेस संपल्यावर एक आई तणतणत आली. "माझी मुलगी स्पष्ट पुढे होती! मी डोळ्यांनी बघितलं!"

रावत सर शांतपणे म्हणाले, "आगे? कहाँ से आगे, मॅडम?"

हे चाललंय तोवर माझं लक्ष शेवटच्या मॅटकडे गेलं. इटलीचा गुबगुबीत पाओलो एकटाच अजून धावत होता. गाल लालबुंद, डोळ्यांत पाणी. मी जवळ जाऊन म्हटलं, "शाबास बेटा, थोडंच राहिलंय."

तो मॅटवर पाय आपटत, हुंदके देत म्हणाला, "मॅम, और कितना दूर है?"

* * *

ग्रॅहम सरांचा मुलांच्या सुरक्षिततेवर भारी जीव. महिन्याला काही ना काही ड्रिल असतंच. एकदा भूकंपाचं ड्रिल ठेवलं होतं, अकरा वाजता. मुलांना आठवडाभर पढवलेलं. आधी बाकाखाली, मग डोक्यावर हात, मग रांगेने मैदानात.

अकराला थोडा वेळ होता आणि पंखा हलायला लागला. फळा हलला. माझी पाण्याची बाटली टेबलावरून खाली. मुलं पटापट बाकाखाली आणि तिथून रांगेने बाहेर. कुणी रडलं नाही, कुणी ढकललं नाही. मीही मागोमाग गेले. मनात म्हटलं, काय पण तयारी केलीय शाळेने, पंखेसुद्धा हलवले!

मैदानात गेल्यावर नवऱ्याचा फोन. "अगं, ठीक आहेस ना? सगळी दिल्ली हलली!"

मी मैदानात फतकल मारून बसले ती तेव्हा. जमीन थांबल्यावर!

ग्रॅहम सर मात्र त्यांच्या खोलीत भाषण पाठ करत बसलेले. त्यांना पत्ताच नाही. बरोबर अकराला भोंगा वाजला आणि स्पीकरवर त्यांचा आवाज आला, "मुलांनो, घाबरू नका. हा खरा भूकंप नाही."

पहिलीतल्या एका मुलीने माझी ओढणी ओढली. "मॅम, पहलावाला ज़्यादा अच्छा था. सर को बोलो ना, वही फिर से करो!"

* * *

आमच्याकडे नकली युनायटेड नेशन्स भरवतात. मुलं एकेका देशाची प्रतिनिधी होतात, कोट-टाय घालून भांडतात. गेल्या वेळी अध्यक्ष आणि जज म्हणून कुणी मिळेना. मी इम्रानला बोलावलं. इम्रान माझ्या मैत्रिणीचा मुलगा, जालन्याचाच. दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन यूपीएससीची तयारी करतो. जगातले सगळे करार तोंडपाठ. मी एवढंच म्हटलं, "जेवण चांगलं असतं रे," तर पहिल्या मेट्रोने हजर!

कुणाला कुठला देश ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. चीन आला गुडगावच्या कबीरला. आणि भारत आला शांघायच्या वेईला! विषय? सीमावाद.

कबीरच्या घरचे पहिल्या रांगेत होते. मधोमध त्याचे आजोबा, रिटायर्ड ब्रिगेडियर. मिशा अशा की आम्ही सगळ्या शिक्षिका नकळत सरळ बसलो होतो.

कबीर उठला. पोरगं हुशार, त्यातून अभ्यास करून आलेलं. असा काही बोलला की भारताचा एकेक मुद्दा खोडत गेला. नातवाच्या प्रत्येक वाक्याला आजोबांचा चेहरा एकेक छटा लाल होत होता. शेवटी कबीर म्हणाला, "हा प्रदेश आमचा होता आणि आमचाच राहील!" आणि आजोबा ताडकन उभे राहिले.

"ओये! तू घर चल ज़रा!"

इम्रानने भीतभीत घंटा वाजवली. "सर, प्लीज... अध्यक्षांच्या परवानगीशिवाय..." फौजी माणूस! शिस्त म्हटल्यावर खाली बसला.

मग वेई उठली. एवढीशी मुलगी, पण टेबलावर मूठ आपटून म्हणाली, "भारत एक इंचही मागे हटणार नाही!" आजोबा पुन्हा उभे. या वेळी टाळ्या वाजवायला! "शाबाश बेटी! एक इंच भी मत छोड़ना!" शेजारी वेईचे वडील बसले होते. त्यांनी जी मान वर केली ती शेवटपर्यंत छताकडेच.

निकालाची वेळ आली. इम्रान हळूच माझ्याकडे सरकला. कपाळावर घाम.

"मावशी, बोललाय तर कबीरच चांगला. म्हणजे बक्षीस चीनला द्यावं लागणार."

"मग दे की."

"देतो. पण मागच्या बाजूला दुसरं गेट आहे का?"

* * *

शाळेच्या जिन्यात पहिलीच्या वर्गाचा एक फोटो टांगलेला आहे. तो कसा निघाला ते सांगते.

लुका नावाचा मुलगा आमच्याकडे आला, जॉर्जियाचा. अमेरिकेतला जॉर्जिया नव्हे, रशियाशेजारचा देश. गेटवर आला की आईचा फ्रॉक मुठीत धरायचा आणि असा टाहो फोडायचा की रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून बघायचे. शेवटी ग्रॅहम सर म्हणाले, "दोन दिवस आईला बसू दे वर्गात."

आईचं नाव नीनो. तिशीची, सडपातळ, इंग्रजी जेमतेम. नवरा कामासाठी सतत या शहरातून त्या शहरात. ही आपली उंच टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये एकटी. मागच्या छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीला लावून, पर्स पोटाशी धरून बसली.

लुका आधी मिनिटामिनिटाला वळून बघायचा. मग तासाने. पुढच्या आठवड्यात तो अयान नावाच्या मुलाच्या बाकावर गेला आणि आई आहे हेच विसरला. मीही विसरले! कारण नीनो काही त्रास द्यायची नाही. कागद कापून द्यायची, खडू आणून द्यायची. एक दिवस मी विचारलं, "बच्चों, क से?" आणि मागून हात वर आला.

"कबूतर!"

उच्चार इतका सुंदर की मी "शाबाश!" म्हणून तिच्या हातावर स्टार चिकटवून मोकळी झाले. त्यानंतर मुली तिला मधल्या सुट्टीत खेळायला न्यायला लागल्या. पराठ्याचा अर्धा तुकडा तिच्यासाठी ठेवायला लागल्या. एकदा वर्गात बडबड केली म्हणून मी मागच्या तिघींना उभं केलं. तिघी मुकाट्याने उभ्या राहिल्या. तिसरी नीनो!

दिवाळीच्या सुमारास ग्रॅहम सरांच्या हे लक्षात आलं.

"साळवे मॅम, आपण दोन दिवस म्हणालो होतो ना?"

"हो, सर."

"मग सांगा तिला. पण प्रेमाने."

मी घरी वाक्यं जुळवत बसले. नवरा म्हणाला, "अगं, सरळ ॲडमिशन देऊन टाका!" यांना काय जातंय बोलायला?

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी म्हटलं, "नीनो, जरा बोलायचं होतं." एवढंच. पण ती समजली. चेहरा उतरला. हातावर सकाळचा स्टार होता, तो नखाने हळूहळू काढायला लागली. "उद्या बोलू," म्हणून मी निघाले तर कॉरिडॉरमध्ये लुकाने गाठलं. माझा हात धरून मला जिन्याखाली घेऊन गेला.

"मॅम, उसको अभी घर मत भेजो ना. अभी तो उसकी दोस्ती हुई है. घर पे वो अकेली रोती है."

मी त्याला तसाच ग्रॅहम सरांकडे नेला. त्याने तिथेही तेच सांगितलं, निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत. सर चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या वर्गाचा फोटो आहे ना? तोवर तर राहू दे."

दुसऱ्या दिवशी पहिलीचा वर्ग पायऱ्यांवर उभा राहिला. मागच्या रांगेच्या टोकाला नीनो. वर्गातल्या मुलींसारखाच पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, आणि मुलींनी मधल्या सुट्टीत घालून दिलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनींसकट. फोटोग्राफर नवा होता, घाईत होता. कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून ओरडला, "मॅडम, पेरेंट्स प्लीज़ साइड में!"

नीनो लाजली, गोरीमोरी झाली आणि पायरी उतरायला लागली. तर सगळा वर्ग एकदम किंचाळला, "वो पेरेंट नहीं है!"

आणि सगळ्यांत मोठ्याने, अगदी घशाच्या शिरा ताणून, लुका ओरडला,

"वो नीनो है!"