दोन कुकांत सापडलेली मुलगी

आपटा गावात नदीकाठी आमचं शेत आहे. तिथून आई मला कूक घालायची, "कूऽऽ" अशी लांबलचक. मी असेन तिथून "ओऽऽ" द्यायची. ओ दिली नाही, तर दुसरी कूक पहिलीपेक्षा मोठी. तिसरीची वेळ मी कधी येऊ दिली नाही.

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. खारघरला वर्गात मी फक्त 'पनवेलला राहते' असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, आपटा गाव पनवेल तालुक्यातच येतं. पण शेत, कूक यातलं काही कुणाला कळू नये, एवढं मी सांभाळत होते.

दिवाळीच्या सुट्टीत आईला पनवेलच्या मॉलमध्ये सिनेमाला नेलं. जत्रेत हरवलेल्या मुलीला शोधणाऱ्या आईची गोष्ट होती. पडद्यावरची बाई वीस वर्षं मुलीचा फोटो दाखवत गावोगाव फिरत होती. लोक डोळे पुसत होते. आमची आई चिडली.

"फोटू काय दाखवते? हाक का मारत नाय ही?"

"आये, हळू बोल ना."

"ती हळू बोलते म्हणूनच पोर गावत नाय."

मध्यंतरात आई बाथरूमला गेली आणि पॉपकॉर्नच्या रांगेत मला माझ्या वर्गातल्या तिघी दिसल्या. मी पटकन खांबाआड झाले. आई बाहेर आली. मी जागेवर नाही म्हटल्यावर तिने तोंडाशी हात नेला.

"कूऽऽ!"

अख्खी रांग गप्प झाली. मी खांबाला आणखी चिकटले. दुसरी कूक आली, नियमाप्रमाणे मोठी. मी हळूच डोकावले. आईने पिशवी छातीशी घट्ट धरली होती आणि तिचा चेहरा खरंच उतरला होता. मग माझ्या तोंडून "ओऽऽ" निघालीच, शेतात निघते तेवढी मोठी.

तिघी वळल्या. "अगं, तू?"

मी काही बोलायच्या आत आईच त्यांना म्हणाली, "बगा, दोन कुकांत गावली माझी बाय. आनि ती बाई वीस वर्सं हिंडतेय!"

सिनेमाच्या उत्तरार्धात स्टेशनावर ती हरवलेली मुलगी तिच्या आईच्या शेजारून निघून चालली होती. तेवढ्यात आमच्या मागच्या रांगेतून, त्या तिघी बसल्या होत्या तिथून, बारीकशी "कूऽऽ" आली. आईने मागे न बघता "ओऽऽ" दिली.

सुट्टी संपल्यावर कॉलेजच्या जिन्यात कूक ऐकू आली. मी लगेच ओ दिली. दुसरी मोठी असते, हे आता त्या तिघींनाही माहीत होतं.