दुर्गाबाई गप्प बसतात

कसबा पेठेतल्या दुर्गाबाई आयुष्यात एकाच माणसापुढे नमल्या, आणि तो इंग्रज निघाला. त्यांचे यजमान रंगनाथराव यांना त्यात कमीपणा वाटत नसे. आपली बायको कुणापुढे तरी नमू शकते, हीच त्यांना मुळात आनंदाची बातमी वाटे.

हा इंग्रज हल्लीच्या काळातला नाटककार. त्याच्या नाटकांचं जाडजूड पुस्तक दुर्गाबाईंना अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. त्याची पात्रं दोन वाक्यं बोलत आणि गप्प बसत. लेखक तिथं लिही, ‘शांतता’. पुढच्या पानावर, ‘दीर्घ शांतता’. रंगनाथरावांनी पुस्तक चाळलं आणि परत ठेवलं.

“हा मौनीबाबा फुकटचं मानधन घेतोय. शांतता काय, मीही लिहिली असती.”

“लिहाल हो. पाळाल का?” दुर्गाबाई म्हणाल्या.

दुर्गाबाई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या, परगावचे फोन जोडून देत. खडकीच्या छावणीतला एखादा जवान ताटकळत बसून गावी फोन लावी. फोन लागला की विचारी, “आई कशी आहे?” आणि पलीकडून कुणी बोलतच नसे. मिनिटं चालू, बिल चालू, माणसं गप्प. त्या गप्प बसण्यात काय काय असतं, ते दुर्गाबाईंनी कानाला हेडफोन लावून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. पुढे गल्लोगल्ली पिवळे एसटीडी बूथ आले, मग मोबाइल आले, आणि खात्यानं दुर्गाबाईंना स्वेच्छानिवृत्ती दिली. त्यात स्वेच्छा खात्याची होती. घरी बसून त्यांनी मौनीबाबाची सगळी नाटकं मराठीत आणली. ती करायला मात्र कुणी तयार होईना. प्रेक्षक मध्यंतरात बटाटेवडा खायला येतात बाई, त्यांना गप्प बसवून कसं चालेल, असं एका नाट्यसंस्थेनं कळवलं.

अशात खराडीच्या आयटी कंपनीतला पुतण्या अभिनव घरी आला. कंपनीत मराठी दिन होता.

“काकू, एखादं नाटक बसवा ना. लाइट काहीतरी.”

“बसवते,” दुर्गाबाई म्हणाल्या. लाइटचं त्या काही बोलल्या नाहीत.

त्यांनी निवडलं भाऊबहिणीचं नाटक. आई वारली आहे, दोघं तिच्या स्वयंपाकघरात चहा घेतायत. बहीण विचारते, “आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं का रे?” भाऊ गप्प. खूप वेळ गप्प. मग म्हणतो, “चहा गार झाला तुझा.” सगळं नाटक त्या गप्प बसण्यात होतं.

बहिणीचं काम दुर्गाबाईंनी स्वतःकडे ठेवलं. भावाचं काम खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या सुखदेवरावांकडे होतं. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात त्यांनी सगळे बाजीप्रभू आणि तानाजी केले होते. गप्प बसण्याची वेळ आली की ते कासावीस होत आणि ओरडत, “अगं, काय सांगू तुला!”

“सुखदेवराव, हे लेखकानं लिहिलंय?”

“नाही, पदरचं घातलं. लोक बघत असतात हो, बरं दिसत नाही.”

“दारूगोळ्यात पदरचं घालत होतात का?”

सुखदेवराव गप्प झाले. तालमीत पहिल्यांदाच.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी अभिनव पुन्हा आला. “काकू, आमचे मॅनेजर दिग्विजय सर म्हणतायत, तिथं कुणी बोलतच नाही, तर मागे बासरी टाकू.”

“बासरी? आई गेलीय तिथं.”

“मग सारंगी?”

“अभिनव, सरांना सांग, एक सूर जरी वाजला तरी मी उठून जाईन. आणि का जातेय, ते माइकवर सांगून जाईन.”

बासरी रद्द झाली. दुर्गाबाईंनी ध्वनीवाल्याला दम दिला, प्रकाशवाल्याला दम दिला. पडदेवाल्याला सांगायचं राहिलं. पडद्यावर मच्छिंद्र होता, शहरातल्या नाट्यगृहात मुरलेला, दयाळू मनाचा. नट वाक्य विसरून उभा राहिला की पडदा टाकून त्याची अब्रू वाचवायची, हा त्याचा धर्म.

प्रयोगाला हॉल गच्च भरला. दुर्गाबाईंनी विचारलं, “आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं का रे?”

सुखदेवराव गप्प. कुणी खोकलं. कुणाचा तरी मोबाइल वाजला. मागून एक तरुण ओरडला, “सर्व्हर डाउन!” हॉल हसला. पुढच्या रांगेतल्या, कुणाच्या तरी वडिलांना राहवलं नाही. “अहो, घेतलं होतं म्हणा! घेतलं होतं!”

मच्छिंद्रला ते बघवेना. त्यानं पडदा टाकला. लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. निवेदिका सृष्टी “काही तांत्रिक कारणामुळे” म्हणत माइककडे धावली, आणि तेवढ्यात पडद्याखालून एक खुर्ची सरकत बाहेर आली. मागोमाग दुर्गाबाई. त्या पडद्यापुढे बसल्या.

अभिनव विंगेतून कुजबुजला, “काकू, सोडा ना. लोकांना समजत नाहीये. सर म्हणतायत, पुढचा आयटम घेऊ.”

“माझा संपलेला नाही.”

“पण तुम्ही काही बोलतच नाही आहात!”

“तेच चाललंय.”

मग त्यांनी आत हाक दिली, “सुखदेवराव, खुर्ची घेऊन बाहेर या. चहाही आणा.” सुखदेवराव आले. दुर्गाबाई हॉलकडे वळल्या. “मंडळी, तुम्ही मध्येच तोडलंत. आता ही शांतता पहिल्यापासून घ्यावी लागेल. ज्यांना जेवायला जायचंय त्यांनी आत्ताच जावं, नंतर दाराचा आवाज येतो.”

तीन रांगा खरंच उठल्या. दिग्विजय सर पहिल्या रांगेत उभे राहून घड्याळावर बोट आपटत होते. दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

“आईनं शेवटी माझं नाव घेतलं होतं का रे?”

सुखदेवरावांचे ओठ हलले. ‘अगं, काय सांगू तुला’ जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, आणि खालमानेनं नुसते कपाकडे पाहत राहिले. मागे कुणीतरी हसलं. एकटंच हसलं, म्हणून थांबलं. पुढचे ते वडील पुन्हा बोलायला सरसावले, आणि तोंड मिटून मागे टेकले. दिग्विजय सरांचं बोट घड्याळावर तसंच राहिलं. मग तेही बसले.

“चहा गार झाला तुझा,” सुखदेवराव म्हणाले.

मच्छिंद्रला आता चूक उमगली. तो लगबगीनं पडदा वर घेऊ लागला. आतलं भाड्यानं आणलेलं स्वयंपाकघर गुडघ्यापर्यंत दिसलं.

दुर्गाबाईंनी मान न वळवता हात वर केला. “राहू दे रे. इथंच बरं आहे.”

आणि उरलेलं नाटक त्यांनी तिथंच, पडद्याबाहेर पूर्ण केलं. एकही शांतता गाळली नाही.