विक्लोच्या कपाटातलं रिव्हॉल्व्हर

२०१७ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी आयर्लंडमधल्या डून लेरी गावाहून निघालो तेव्हा ऊन होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण दहा मिनिटांनी ते नव्हतं. गाडी माझी मुलगी मेधा चालवत होती. ती इथे सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. तिच्या वॉर्डमधल्या एका नर्सचे वडील, जेम्स, विक्लोच्या डोंगरात राहतात आणि त्यांच्याकडे एक जुनं अमेरिकन रिव्हॉल्व्हर आहे. मी पुण्यात एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारं बनवण्यात, चौतीस वर्षं काढली, एवढ्या भांडवलावर मला तज्ज्ञ म्हणून नेण्यात येत होतं.

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं. एका वळणावर मेंढ्यांनी वीस मिनिटं अडवलं. कोणीही हॉर्न वाजवला नाही, त्यामुळे मला करमेना.

पंच्याहत्तरीच्या जेम्सनी चहा, लोणी आणि सोडा ब्रेड (खायच्या सोड्यावर फुगवलेला जाड पाव) पुढे केला. रिव्हॉल्व्हर प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) जॅमच्या बाटल्यांमागे होतं. सोबत सुवाच्य अक्षरातलं कार्ड: 'माझे पणजोबा मायकल यांना प्रामाणिक सेवेबद्दल अमेरिकेतल्या कारखान्याच्या मालकांकडून भेट.' शनिवारी दोन्ही गोष्टी गावच्या हॉलमध्ये प्रदर्शनासाठी काचेच्या पेटीत जाणार होत्या.

"बाबा बघतील नीट," मेधा जेम्सना म्हणाली. "त्यांनी कंपनीतून कधी टाचणीसुद्धा घरी आणली नाही."

मी चष्मा लावला. त्या काळी अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे भाग यंत्रावर कापत, पण शेवटी कानशीने घासूनच एकमेकांत बसवत. म्हणून एकाच्या सगळ्या भागांवर एकच नंबर ठोकत. इथे सांगाड्यावर एक नंबर, नळीवर दुसरा, गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्यावर तिसरा; म्हणजे तीन वेगळ्या रिव्हॉल्व्हरांचे भाग. आणि तरीही मधे केस जाणार नाही असं सगळं बसलेलं.

गप्प बसणं सोपं होतं. पण असलं हातकाम मालकाच्या नावावर काचेत जावं, हे मला बघवेना.

"ही भेट नाही," मी म्हणालो. "मायकलने नापास मालाच्या पेटीतून एकेक भाग उचलून हे स्वतः जुळवलंय. जेवणाच्या डब्यातून बाहेर काढलं असणार."

"तुम्हाला कसं कळलं?" जेम्सनी विचारलं.

"आमच्या घरचा सोऱ्या मी तसाच आणलाय."

सोऱ्या म्हणजे काय, हे जेम्सना समजावण्यात बराच वेळ गेला. मेधाला समजवावं लागलं नाही. ती पावाला लोणी लावत राहिली.

"आजी सांगायची," जेम्स म्हणाले, "अमेरिकेत त्याला भूक फार. डबा एवढा मोठा न्यायचा." मग त्यांनी पेन काढलं, कार्डावरची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'हे मायकलने बनवलं.' "ग्रँड," ते म्हणाले (बरं, ठीक, पुरे, सगळ्याला इथे हाच शब्द).

परतताना गाडी मेधाच चालवत होती. लोक आयर्लंडला कडे आणि किल्ले बघायला येतात. मी एका अनोळखी कारागिराची चोरी पकडून आलो होतो, आणि त्याच्याबद्दल इतका आदर वाटत होता की लाज वाटायची राहूनच गेली. ती आता मेधाकडे बघून वाटायला लागली.

"अजून काय काय आणलंत, बाबा?" तिने विचारलं.

"तुझ्या पाळण्याच्या कड्या. चारही."

"नापास मालातल्या?"

"छे," मी म्हणालो. "पास झालेल्या मालाच्या पेटीतून घेतल्या. त्यात तू झोपणार होतीस."