खळ्यावरची शीग

शाळेत व्यवहार शिकवत नाहीत, अशी ओरड हल्ली जो तो करतो. मी तीस वर्षं गणित शिकवलं म्हणून ती मलाच ऐकवतात. आमच्या वेळी काय शिकवत नव्हते? पावकी, निमकी, पाऊणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, सगळं तोंडपाठ. मण, शेर, छटाक. रुपये, आणे, पै. सरळ व्याज, चक्रवाढ व्याज, भागीदारी, आणि दोन नळांनी हौद किती वेळात भरेल तेही. गावात नळ कुणी पाहिला नव्हता, पण हौद आम्ही रोज भरत होतो. यापेक्षा जास्त व्यवहार शाळेनं काय शिकवायचा? तरीही पंधराव्या वर्षी मी केलेला पहिला खरा हिशेब चुकला. पुस्तकाप्रमाणे तो बरोबर होता, म्हणून तर अजून सलतो.

वऱ्हाडातल्या केनवडहून कोस-दीड कोसावर आमचं गाव. सातवीच्या वर्गात आम्ही चौघंच उरलो होतो आणि त्यातला एक माझा जिवाभावाचा दोस्त. आमच्या शेतात राबणाऱ्या एका विधवा बाईचा तो एकुलता एक पोरगा. गणितात माझ्यापेक्षा कांकणभर सरसच. मी पाटीवर मांडून सोडवायचो, तो खिडकीबाहेर बघत सोडवायचा, आणि वर मलाच विचारायचा, अबे, झालं का नाही तुहं? सातवीनंतर दोघांनी वाशीमच्या इंग्रजी शाळेत जायचं आणि एकाच खोलीत राहायचं, असं आमचं ठरलं होतं. माझा खर्च बाबा देणार होते. त्याच्या मायनं मात्र सांगून ठेवलं होतं, की यंदा सोंगणीची, म्हणजे कापणीची, आणि खळ्याची मजुरी नीट पदरात पडली तर पोराला वाशीमला धाडीन, नाही तर नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात आम्ही दोघं दुसरं काही बोलतच नव्हतो.

ज्वारी त्या वर्षी बरी पिकली. खळं सुरू असताना बैलानं बाबांचा पाय तुडवला आणि ते बाजेवर पडले. मला मोठा भाऊ नव्हता, काका नव्हते, म्हणून मजुरी मोजून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी फुगलो. शाळेतल्या हुशारीचा उपयोग करायला मिळतो आहे याचा मला कोण आनंद झाला!

मजुरी ज्वारीतच असे. दिवसाला एक पायली, आणि सोंगणीपासून मळणीपर्यंतचे सगळे दिवस धरून खळ्यावरच एकदम मोजायची. पायली काठोकाठ भरली तरी बाबा थांबत नसत. ओंजळींनी वर आणखी ज्वारी ओतत राहायचे, दाणे चारी बाजूंनी घसरायला लागेपर्यंत. हा वरचा ढीग म्हणजे शीग. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो. पण पुस्तकात चार शेरांची पायली होती, शीग कुठंच नव्हती. मी एक शीग वेगळी काढून मोजून पाहिली, तर ती शेरभर भरली. म्हणजे चार पायल्यांमागे एक पायली फुकट. नऊ बाया, प्रत्येकीचे चाळीस दिवस. नव्वद पायल्या! बाबा बिचारे अडाणी, दरसाल लुटले जातात, असं मला मनापासून वाटलं.

मी एक सपाट काठी घेतली आणि प्रत्येक मापावरून फिरवली. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं असतं, तेवढं मात्र मी विसरलो नाही. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एका म्हातारीनं शिगेचं विचारलं, तर मी तिला मास्तरासारखं समजावून सांगितलं, की पायली म्हणजे चार शेर, कमी नाही आणि जास्त नाही. मालकाच्या पोरासमोर कोण बोलणार? दोस्ताच्या मायची पाळी आली तेव्हा पोत्याचं तोंड तोच धरून उभा होता. चाळीस वेळा मी काठी फिरवली. ती बाई काठीकडे बघत होती, तो माझ्याकडे बघत होता, आणि मी मोजण्यात गर्क होतो.

दुपारी घरी येऊन बाबांना मी नव्वद पायल्या वाचवल्याचं सांगितलं. शाबासकीच्या आशेनं उभा राहिलो. ते बाजेवर उठून बसायला लागले आणि पायामुळे पुन्हा आडवे झाले.

"शीग काहाडली तू?" ते म्हणाले. "अबे, पायली पोटाची असते अन् शीग घराची. ते तिची हाय, आपली नाही."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याही इयत्तेत नव्हतं. पायलीतली ज्वारी बाई वर्षभर खाते. तेल, लुगडं, औषधपाणी, पोरांची शाळा, हे सगळं शिगेची ज्वारी बाजारात विकून होतं. मजुरी ठरवताना शीग धरलेलीच असते. म्हणायची चार शेर, द्यायची पाच शेर, हे दोन्हीकडच्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नाही. मी उभ्या उभ्या हिशेब केला. चाळीस पायल्यांची शीग म्हणजे दहा पायल्या. दोस्ताची प्रवेशाची फी आणि पुस्तकं म्हणजे त्या दहा पायल्या होत्या.

बाबांनी मला तिथूनच परत पिटाळलं. मी बैलबंडीत ज्वारी घालून घरोघर फिरलो. आठजणींनी घेतली. कुणी हसून घेतली, कुणी माझ्या शिक्षणाचा उद्धार करून घेतली. शेवटी दोस्ताच्या घरी आलो. तो आत भिंतीला टेकून पुस्तक उघडून बसला होता, त्यानं मान वर केली नाही. त्याची माय दारात आली, पोत्याकडे पाहिलं आणि हात मागं घेतला.

"खळ्यावर देतेत ते मजुरी, बाबू," ती म्हणाली. "घरी आणून देतेत ते भीक. माह्या पोराले म्या भिकेवर शिकवत नाही."

आवाज चढवला नाही तिनं. मी आर्जवं केली, शपथा घातल्या, चूक माझी म्हणून कबूल केलं. बाबांनीही दुसऱ्या दिवशी निरोप धाडला. तिनं निरोप्याला पाणी दिलं, आपलं उत्तर तेच ठेवलं. खरं सांगतो, मला तेव्हा तिचाच राग आला होता. दहा पायल्यांसाठी एवढा ताठा कशाला, असं मी आईजवळ बडबडलोसुद्धा. नऊ बायांसमोर मी तिचा हक्क काठीनं पुसून टाकला होता, आणि तो तिच्या दारात नेऊन टाकल्यानं परत होत नव्हता. हे कळायला मला फार वर्षं लागली. तिची ज्वारी आम्ही पुन्हा घरातल्या धान्याच्या बळदात ओतली.

पाडव्याला आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराचे गडी, ठरतात. त्या दिवशी सकाळी ती पोराला घेऊन आमच्या ओसरीवर आली. बाबांचा पाय नीट बसला नव्हता, आम्हाला माणूस हवाच होता, हे गावाला माहीत होतं. बाबा तिला म्हणाले, पोराला शिकू दे, फी मी भरतो. तिनं हात जोडले आणि सांगितलं, काम द्या, मालक, फी नका देऊ. शेवटी बाबांनी ठराव पक्का झाल्याची सुपारी दिली. माझा दोस्त एका वर्षासाठी आमचा सालदार झाला. मी आतून सगळं ऐकत होतो आणि बाहेर आलो नाही.

सातवीची परीक्षा पाडव्याआधीच झाली होती, निकाल वैशाखात लागला. तो पहिला आला, मी दुसरा. मास्तर सांगायला आले तेव्हा तो उकिरड्याचं खत बंडीत भरत होता. त्यानं ऐकून घेतलं, मास्तरांच्या पाया पडला आणि पुन्हा टोपलं उचललं. मास्तर आमच्या ओसरीवर येऊन बसले, पण चहा न घेताच उठले.

मृगाच्या आधी मला वाशीमला सोडायला बंडी घेऊन तोच आला. रस्ता दीड दिवसाचा. इतक्या महिन्यांत आम्ही धड बोललो नव्हतो. वाटेतलं रिसोड मागं पडल्यावर मी कसंबसं विचारलं, की त्या दिवशी तू तिथंच उभा होतास, मला अडवलं का नाहीस.

"काय म्हणून अडवू?" तो बैलांकडे बघत म्हणाला. "तुहा हिशेब बरोबर होता."

तो टोमणा असता तर बरं झालं असतं. त्याला खरंच तसं वाटत होतं. आम्हा दोघांना एकाच मास्तरांनी एकाच फळ्यावर शिकवलं होतं. मग त्यानंच मला विचारलं, वाशीमला बीजगणित शिकवतात म्हणतात, ते कसं असतं? मला येत नव्हतं, पण जे ऐकलं होतं ते सांगितलं. त्यानं दोन-तीन वेळा विचारून घेतलं आणि मग बराच वेळ स्वतःशी पुटपुटत बंडी हाकली.

वसतिगृहाच्या दारात पाच-सहा शहरी पोरं उभी होती. त्यानं माझी ट्रंक उतरवून पायरीवर ठेवली. एका पोरानं मला विचारलं, हा कोण? मी तोंड उघडायच्या आत त्यानंच उत्तर दिलं, "मी यायच्या घरचा सालदार." जन्मभर मला अबे-तुबे करणारा तो, पोरांसमोर माझी लाज राखायला मला 'यांच्या' म्हणून एका क्षणात परका झाला. आमच्या वर्गात हा पहिला आला, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. ते माझ्या ओठांवर होतं. मी ट्रंक उचलली आणि आत गेलो.