रिकामा परतलेला डबा

परदेशातल्या आमच्या सेमिनरीत, म्हणजे चर्चचे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, पाळकीय सेवेचा एक आख्खा विषय होता. त्याचं सार एवढंच, की दुःखी माणसाच्या शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा. उपदेश नको, बायबलची वचनं फेकून मारणं नको. मला त्यात चांगले मार्क होते. शेवटच्या वर्षाआधी मायदेशी जाऊन प्रत्यक्ष सेवा करावी लागते, म्हणून मी शिरूर तालुक्यातल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीत आले. पहिल्याच घरभेटीत ही विद्या वापरून पाहिली. इनामगावच्या अलीकडं वस्तीवर एक आजी एकटीच राहायची. गुडघे गेल्यामुळं तिला रविवारी उपासनेला येता येत नव्हतं. मी तिच्यासमोर स्टुलावर बसले, मान किंचित तिरकी केली आणि गप्प राहिले. तिनं थोडा वेळ माझ्याकडं निरखून पाहिलं.

"पोटात दुखतंय का गं?"

"नाही."

"मग बोल की. अशी बसलीय म्हंजी, कोण वारलं काय?"

वारलं होतं. मी येण्याआधी, त्याच हिवाळ्यात दौंडला माझी आई वारली होती. माझा पासपोर्ट तेव्हा व्हिसा वाढवून घ्यायला दिलेला, तो हातात नसताना विमान कुठलं? होस्टेलच्या कपडे धुण्याच्या खोलीत नेट बरं चालायचं. तिथं ड्रायरवर फोन टेकवून मी आईचा दफनविधी पाहिला. तिकडं आमच्या शेजारच्या मावशींनी फोन धरला होता. त्यांचा हात हलायचा, त्यामुळं मला दिसलं ते आभाळ, लोकांच्या चपला आणि मुरमाचा ढीग. खाली ड्रायरमध्ये कुणाचे तरी मोजे गरागरा फिरत होते. माझ्या वर्गातली नायजेरियाची मुलगी टोपली घेऊन आली, मला पाहून शेजारी उभी राहिली. शिकवल्याप्रमाणे गप्प. मला तिचा इतका राग आला म्हणून सांगू! अगं बाई, बोल ना काहीतरी, असं झालं होतं. तिथं कुणालाच माझी आई ठाऊक नव्हती, तर बोलणार तरी काय, हे मला कळत होतं. तरी राग आला.

तर आजीनं विचारलं आणि मी म्हणाले, "कुणी नाही."

"आय कुठं असती तुझी?"

"दौंडला."

"बरी हाय का?"

"बरी आहे."

देवाच्या सेवेचं शिक्षण घेणारी मी, आणि खोटं कसं सफाईनं आलं बघा. पण खरं बोलले असते तर मला दौंडला जावं लागलं असतं. इथून एसटीनं दौंड काही फार लांब नाही. येऊन महिना होत आला तरी मी आईच्या कबरीवर गेले नव्हते. जोवर जात नाही, तोवर ती रेल्वे कॉलनीमागच्या आमच्या दोन खोल्यांत गहू निवडत बसलीय, असं मला धरून ठेवता येत होतं. ते सुटलं तर माझ्यापाशी काय उरणार होतं?

निघताना आजीनं स्टीलचा एक डबा माझ्या हातात दिला. "आयला दे. शेंगदाण्याची चटणी हाय."

तिथून पुढं दर भेटीला आईच्या नावानं डबा मिळायला लागला. कधी चटणी, कधी तिळाचे लाडू, एकदा हुलग्याचं पिठलं. ते सगळं मी शिक्रापूरला माझ्या भाड्याच्या खोलीत एकटीच खायची. आजूबाजूला कंपन्यांतली मुलं राहायची, कुणी ओडिशाचं, कुणी बिहारचं. जिन्यात भेटली तर "नमस्ते दीदी" म्हणून पुढं जायची. रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट. मंडळीतली माणसं मला पाळकीणबाई म्हणायची, म्हणजे पाळकाची बायको! एकदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. परदेशात मी भारतातली होते आणि इथं परदेशातून आलेली. चटणी मात्र अगदी घरच्यासारखी होती.

डबा मी लख्ख घासून परत द्यायची. होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात भांडं घासून जागेवर ठेवलं, की झालात तुम्ही सज्जन. आजी डबा हातात घ्यायची, झाकण काढून आत बघायची आणि परत लावायची. मला वाटायचं, स्वच्छ आहे का ते बघतेय.

एका बुधवारी ती बोललीच. "ये पोरी, राग मानू नगं. पर तुझ्या आयला रीत न्हाई व्हय? इतक्यांदा डबा गेला आन् हर बारी रिकामा आला. चिमूटभर साखर तरी टाकावं माणसानं!"

मी ताडकन उठले. "माझ्या आईला काही बोलायचं नाही! ती असती तर एकदाही रिकामा आला नसता तुमचा डबा!"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मी आपली दाराकडं तोंड करून उभी. आता ही गप्प बसणार, असं वाटून मला धडकी भरली.

"कवा गेली?" आजी म्हणाली.

"नाताळाच्या आधी."

"मातीला व्हतीस का?"

"नाही."

"बस खाली. आन् सांग. कशी व्हती? काळी का गोरी? तापट व्हती का तुझ्यासारखी?"

मी सांगत सुटले. आई दिसायला कशी होती, कुणाशी भांडायची, उपासनेत गाणी कशी बेसूर आणि सगळ्यात मोठ्यानं गायची. आजी मधेमधे "आगं बया" म्हणत होती, एकदा तर खो खो हसली. मग तिनं डबा भरला. "उद्याच जा. हे तिथं कुणाला तरी दे. आन् रिकामा आणायचा न्हाई, सांगून ठेवते."

मी गेले. चौफुल्याला एसटी बदलून दौंडला उतरले आणि आधी कबरस्तानात गेले. नाव अजून कोरलेलं नव्हतं, मावशींनी फोनवर सांगितलेल्या खुणेवरून कबर शोधली. तिथं बसून रडले, आवाज करून, पोटभर.

मग डबा मावशींना नेऊन दिला. त्यांनी चटणी काढून घेतली आणि फळीवरची एक बरणी खाली उतरवली. "हे तुझंच आहे बाई. मागच्या उन्हाळ्यात केली होती तिनं. तू आलीस की जाताना द्यायची म्हणून ठेवली होती." बरणीत सांडगी मिरची होती. मावशींनी न विचारताच डबा भरून दिला.

पुढच्या बुधवारी आजीनं झाकण काढलं, वास घेतला. "आईच्या हातच्या आहेत," मी म्हणाले. तिनं चार मिरच्या तळल्या, भाकरी वाढली. मला प्रार्थना करायला सांगितली, ती मी केली, छोटीशी. आजीनं मिरचीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि चघळत राहिली.

"मीठ जरा जास्तीच टाकती तुझी आय."

आई गेल्यापासून दौंडची सगळी माणसं तिच्याविषयी चांगलंच बोलत होती.

"टाकतेच," मी म्हणाले. "कितीदा सांगितलं तिला."