तीर्थ काय पाणी असतं?

दहावीची परीक्षा संपून बाकीच्या पोरी सुट्टीला लागल्या, तेव्हा सई पाणी मोजायला लागली. तिच्या वडिलांच्या, सुनीलच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस, आणि दिवसाला पाणी फक्त एक लिटर. त्यात चहा आला, वरण आलं, गोळी गिळायचा घोटसुद्धा आला. आई, बिलकिस, उर्दू शाळेत शिकवायची, त्यामुळे बाटली सईच्या ताब्यात. सकाळी ती भरायची आणि दिवसभर त्यातलंच द्यायचं. नाशिकचा एप्रिल. वडील बाटलीकडे बघत आणि सई दुसरीकडे बघे.

ही पोर दोन घरांच्या मधोमध वाढली. मालेगावला नानीकडे ती तरन्नुम, नाशकात सई. तिकडे रोजे धरायची, इकडे बाबांबरोबर एकादशी. तिला स्वतःला त्यात काहीच जड गेलं नाही, जड जायचं ते लोकांना. नानीने लेकीचं लग्न वर्षभरात पचवलं. पंचवटीतल्या आजीचं, उत्तराबाईंचं, तसं नव्हतं. घर यात्रेकरूंचे विधी करणारं. मुलाने मुसलमानाची मुलगी केली म्हणून सतरा वर्षं त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नाही. तो आजारी पडला तशा मात्र आल्या, आणि मग रोजच येऊ लागल्या. दहाच्या ठोक्याला, तांब्याचा गडू घेऊन. चहा घेत नसत, सईशी 'बरी आहेस ना' यापलीकडे बोलत नसत. पण यायच्या, आणि सईला त्याचंच अप्रूप होतं.

इतकं चोख ठेवूनही वजनाचा काटा काही ऐकेना. दर खेपेला तीन-साडेतीन किलो जास्त. डायलिसिसच्या सिस्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं, घरी पाण्यावर लक्ष कोणाचं असतं? सईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिने फ्रिजमधला बर्फ काढून टाकला आणि चोरून पाणी पिता का, असं वडिलांना तोंडावर विचारलं. त्यांनी कूस बदलली.

आजी आल्या की सई बाहेरची कामं उरकायला जायची; एके दिवशी औषधाचं दुकान बंद निघालं म्हणून ती लवकर परतली. बघते तर आजी रामकुंडावरून आणलेला गडू मुलाच्या तोंडाला लावून बसलेल्या. त्या गेल्यावर अंथरूण झटकताना उशीखाली मक्केच्या पवित्र पाण्याची, जमजमची बाटली सापडली, नानीने हबीबमामाबरोबर धाडलेली. इकडचं गडूभर, तिकडचं कपभर, रोज. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता, पण माया दोघींची सारखीच आंधळी.

सई भांडायलाच उभी राहिली. वडील हळूच म्हणाले, "सतरा वर्षांनी आई आली ती हा गडू घेऊन. नको म्हटलं तर ती कशाच्या निमित्ताने येईल? आणि तिचं घेतलं तर तुझ्या नानीचं कसं नाकारू?"

कुणाला सांगू नकोस म्हणून त्यांनी हात जोडले. बापाने हात जोडल्यावर लेकीने काय करायचं? ती गप्प बसली. बाटली थोडी कमी भरू लागली, पण त्यांचे फुटलेले ओठ बघून तिचाच हात सैल पडायचा.

रविवारी संध्याकाळी सुनीलला आडवं होता येईना. बसूनही श्वास पुरेना. छातीत पाणी भरलं होतं. रिक्षातून नेलं, तातडीने मशीनला लावलं. यावेळी वेळेत आणलंत, डॉक्टर बिलकिसला म्हणाले, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. सई भिंतीला टेकून ऐकत होती. आपण तोंड उघडलं असतं तर ही पाळी आली नसती, हे तिला लख्ख कळत होतं. तिथेच तिने आईला सगळं सांगून टाकलं. बिलकिसने तिला जवळ घेतलं. अम्मीला मी सांगते, ती म्हणाली, पण तुझ्या आजीला मी बोलले तर सुनेने हाकललं असं होईल, तुलाच बोलावं लागेल.

नानी फोनवर आधी भांडली, आब-ए-जमजम म्हणजे का नळाचं पाणी, म्हणून. मग रडली आणि कबूल झाली.

सुनील घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सईने आजीला दारातच गाठलं.

"आजी, बाबांना तीर्थ द्यायचं नाही."

"अगं, तीर्थ काय पाणी असतं?"

"बाबांच्या छातीत त्याचं पाणीच झालं, आजी."

उत्तराबाईंचा चेहरा उतरला. मग मी इथे येऊन करू तरी काय, एवढं पुटपुटून त्या आल्या पावली परत गेल्या. दोन दिवस फिरकल्या नाहीत. सुनील भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. आपण बाबांचा जीव वाचवायला गेलो आणि त्यांची आई घालवून बसलो, या विचाराने सईला जेवण जाईना.

तिसऱ्या दिवशी दहाला उत्तराबाई आल्या. हात रिकामे, त्यांचं काय करावं हे न कळल्यासारखे. पलंगाच्या पायथ्याशी बसून त्या मुलाचे पाय दाबू लागल्या. सुजलेल्या पायावर अंगठा रुतला तिथे खळगा पडला, आणि तो भरून येईना.

"हे मी केलं का गं?"

सईने खोटं सांगितलं नाही. "थोडं तुम्ही, थोडं नानीने. थोडं मी पण."

आजी जराशा सरकल्या. तिला शेजारी जागा करून देत म्हणाल्या, "मग दुसरा पाय तू घे."