सरदाराच्या दारातला आजा

तैलरंगातल्या जवसाच्या तेलाचा वास आला की माझं डोकं आजही भडकतं. काही वर्षांपूर्वी दर रविवारी दौंडहून पॅसेंजरनं मी पुण्याच्या संग्रहालयात जायचो. ड्रॉइंगच्या मास्तरांनी खटपट करून जुन्या तैलचित्रांच्या नकला करायची परवानगी मिळवून दिली होती. माणसाच्या कातडीचा रंग कसा चढवायचा, ते दुसरीकडे कुठं शिकणार? मी एका सरदाराचा दरबार उतरवत होतो. पगडीतला मोती न् मोती चितारलेला, आणि दाराशी काठी-घोंगडी घेऊन उभ्या राखणदाराचं तोंड म्हणजे नुसता तपकिरी डाग! माझ्या आजानं निमोण्याच्या वेशीवर जन्मभर तशीच काठी धरली. मी त्या डागाच्या जागी आजाचं तोंड काढलं. तिथले अधिकारी आले. "हा कोण?" "माझा आजा." "मूळ चित्रात याला तोंड नाही." "तोंड असणारच की साहेब, काढणाऱ्याला दिसलं न्हाई." ते तडकले, "तुला नक्कल करायला बसवलंय, अक्कल पाजळायला नाही. पूस ते, नाहीतर इथं पुन्हा पाऊल टाकायचं नाही." मी टर्पेंटाइनचा बोळा उचलला आणि माझ्या चित्रातल्या सरदाराचं तोंड पुसलं. म्हटलं, "घ्या, तुमच्या चित्रात राखणदाराला तोंड न्हाई, माझ्यात सरदाराला न्हाई. आता दोघं सारखे." पहारेकऱ्यानं दंड धरून मला बाहेर काढलं. आता मी शिरूरच्या मोर्च्यांचे फलक रंगवतो. तुझी माणसं अशी सपाट का, असं आमचेच लोक विचारतात. सपाटच असणार! कातडीचा रंग जिथं शिकायचा, त्या दारावर अजून तेच साहेब बसलेत.